पत्रिकेवरची तीन मुलं

तेरवीची पत्रिका लिहायचं काम रीताकडे आलं, कारण घरात मराठी घेऊन एम.ए. झालेली तीच होती. आईला जाऊन सहा दिवस झाले होते. तिरडी उचलायच्या वेळी रीता "अग्नी मी देतो" म्हणाली, तेव्हा कलाआत्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं होतं. "अंकुश हाय ना, माय. पुतण्या असताना तू कायले?" चुलतभाऊ अंकुशने मडकं धरलं, डोकं भादरलं. पत्रिका मात्र मुलीने लिहिली तर कोणाची हरकत नव्हती.

हातमाग असलेल्या खोलीत बसून ती लिहीत होती. माग सहा दिवस बंद होता, अर्धी विणलेली करवतकाठी साडी तशीच ताणलेली. 'कै. सौ. कौशल्या नंदलाल निमजे, मोहाडी' इथपर्यंत अक्षर सरळ आलं. खाली 'शोकाकुल' लिहिलं, पती म्हणून बाबांचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

सकाळीच नागपूरहून रंजिताचा फोन आला होता.

"रीता, मले अग्नी नको, पिंड नको. मले पत्रिकेत नाव पाह्यजे. मुलगी म्हणून. तूच लिहून राहिली ना?"

"हो ताई, मीच लिहून राहिलो."

"मंग झालं. तेरवीले मी येते."

'येते' हा शब्द रंजिता नेहमी जरा सावकाश, जपून म्हणायची. मोहाडीत बायाही 'मी येतो, मी करतो'च म्हणतात. आई तसंच बोलायची, आत्या बोलते, रीताही घरी तसंच बोलते. लाखांदूरच्या शाळेत शिकवताना मात्र ती मुलींच्या वहीतलं 'मी जातो' लाल शाईने खोडून वर 'जाते' लिहीत असे.

आईला मुलं दोन. थोरला अश्विन, चार वर्षांनी रीता. अश्विन चालायला लागला तेव्हापासून आईच्या चरख्याजवळ बसे. बाबा मागावर, आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला. मागावर पुरुष बसतो आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी बाई भरते, हे त्या गल्लीत कोणी ठरवलेलं नव्हतं, पण त्यात कधी बदलही झाला नव्हता. कांडी संपली की बाबा मान वर न करता फक्त "कांडी" म्हणत, आणि हळूहळू ती कांडी आईऐवजी अश्विनच नेऊन द्यायला लागला. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'कांडीबाई' ठेवलं. आई ते हसण्यावारी न्यायची.

घरात बोलायची अडचण नव्हती. सगळेच 'जातो' म्हणत, त्यामुळे त्या 'जातो'त काय दडलंय ते कोणाला कळायचं कारण नव्हतं. मग शाळेत सरांनी फळ्यावर लिहून दिलं: मुलगा जातो, मुलगी जाते. अश्विन तेव्हा अकरा वर्षांचा होता. संध्याकाळी शिकवणीला निघताना दारात उभं राहून तो म्हणाला, "आई, मी जाते." नुसतं म्हणून पाहावं तसं. बाबांनी हातातला लाकडी धोटा फेकून मारला. भुवईच्या वर खोल जखम झाली. आईने हळद दाबून धरली आणि बाबांना म्हणाली, "पोरगं पुस्तकातलं बोललं, एवढंच ना?"

एकोणिसाव्या वर्षी अश्विन नागपूरला गेला तो परत आला नाही. तिथे अश्विनची रंजिता झाली, शिवणकाम करू लागली, तिची भाड्याची खोली झाली, पाच-सहा मैत्रिणी झाल्या. आई दर गुरुवारी बाजाराला जायचं निमित्त करून तिला फोन करायची. अकरा वर्षं. रीताला 'दादा'वरून 'ताई'वर यायला त्यातली चार लागली. आईला एक दिवसही लागला नाही. शेवटच्या आजारात आई एकोणीस दिवस नागपूरच्या दवाखान्यात होती. भरती करताना फॉर्म भरणाऱ्या नर्सने रंजिताकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, "हे पेशंटचे कोण?" आईने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला.

"लिहा, मुलगी."

रीता तेव्हा दाराशीच उभी होती. तो फॉर्म लावलेली फाइल आता तिच्याच पिशवीत होती.

बाबा आले आणि तिच्या हातातला कागद घेऊन उजेडाकडे धरून वाचायला लागले.

"थांबली काहून? मुलगा अश्विन, लिही."

"बाबा, आईनं दवाखान्यात सोताहून मुलगी लिहून देल्लं."

"तो दवाखाना हाय. हे गावात घरोघर वाटाचं हाय."

"पण अश्विन हाय कुठी? तेरवीले कुठून आणता?"

बाबा मागाच्या चौकटीवरून हात फिरवत राहिले. तुटलेला धागा कुठे जोडला तर गाठ दिसणार नाही, हे शोधताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"दोघायचेबी लिही," ते म्हणाले. "मुलगा अश्विन. मुली रीता, रंजिता. तुयंबी मन राहिलं, मायंबी राहिलं."

"तीन होतात, बाबा. आईले दोन होते."

"लोकं मोजाले येतात काय?"

कलाआत्या दारातून ऐकत होती. "मोठी डोक्याची गोष्ट केली भाऊनं. लिही व माय, चांगल्या अक्षरात लिही."

रीता भांडली. दुपारभर भांडली. मागच्या वर्षी शाळेत तिने फळ्यावर 'लिंगभाव समानता' असं लिहून चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. मुलींनी ते वहीत सुंदर उतरवून घेतलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला बाबांपुढे वापरता आलं नाही. शेवटी तिने स्वतःची समजूत घातली की ताईला नाव हवं होतं आणि नाव तर येतंय, मुलगी म्हणूनच येतंय. तिने तिन्ही नावं लिहिली. अक्षर सरळ आलं.

छापखान्यातला मंगेश अश्विनच्या वर्गातला. त्याने कागद वाचला, नावांवरून एकदा बोट फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं.

"रीताताई, हे तीन..."

"आहे तसंच छापा."

"हो, हो." त्याने कागद पॅडखाली सरकवला. "असंच बरं असते. कोणाले काही विचाराचं काम नाही."

तेरवीच्या दिवशी रंजिता सकाळच्या एसटीने आली. फिक्या रंगाची सुती साडी, केस मागे बांधलेले, भुवईवरचा वण उघडा. तिने आईच्या फोटोला फूल वाहिलं आणि बायांच्या पंगतीत जाऊन बसली. आता कोणीतरी हसेल, कोणीतरी 'कांडीबाई' म्हणेल, मग आपण बोलायचं, असं रीताने ठरवून ठेवलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं.

कोणीच हसलं नाही. बायांनी सरकून जागा दिली. "या बाई, बसा बाई," म्हणाल्या. ज्यांनी लहानपणी 'अरे' करून हाका मारल्या त्याच 'तुम्ही' म्हणत होत्या. सगळ्यांनी ओळखलं होतं. पण पत्रिका घरोघर पोचली होती आणि तिच्यात अश्विन निराळा होता, ही निराळी होती. कलाआत्या सगळ्यांना सांगत फिरत होती, "नागपूरची पोरगी हाय. आमच्या वहिनीनं मानलेली." पत्रिकेने सगळ्यांचीच सोय केली होती.

रीता पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत असताना शेजारच्या विमलाबाईंनी घास थांबवला. अश्विनला जन्मल्यापासून सव्वा महिना न्हाऊ घालणारी हीच बाई.

"काहो बाई," त्या रंजिताला म्हणाल्या, "तुमचा भाऊ नाही आला काय? अश्विन?"

शेजारच्या दोन बायांचे हात पानावर थांबले. रंजिताने विमलाबाईंकडे पाहिलंच नाही. ती रीताकडे पाहत होती.

पंगतीच्या टोकाला बाबा उभे होते. त्यांच्या शेजारी नवा दुपट्टा खांद्यावर घेऊन अंकुश. रीताने ठरवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. हाच अश्विन होता, मावशी, ही माझी ताई आहे, एवढंच. तिने तोंड उघडलं.

"त्याले सुटी नाही भेटली, मावशी."

"नौकरीचं असंच असते व माय," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भातावर वरण ओढून घेतलं.

रंजिताने मान खाली घातली आणि पानातलं सगळं संपवलं.

दुपार कलली तशी माणसं उठू लागली. दुखवट्याच्या घरून निघताना पाहुणे 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट चपला घालतात, नाही तर 'जातो' म्हणतात. घरच्या माणसांना तो नेम नाही, ती नेहमीसारखी 'येतो' म्हणून निघतात. लेकी, जावई, पुतणे तसेच निघाले.

रंजिता शेवटी उठली. "दवाखान्याची फाइल तुयाजवळच हाय ना? तेवढी मले दे."

रीताने फाइल आणून दिली. रंजिताने पहिलं पान उघडलं, 'रुग्णाशी नाते' या रकान्यावर बोट ठेवून पाहिलं आणि फाइल पिशवीत घातली. पत्रिकेचा गठ्ठा कोनाड्यात होता. रीताने एक उचलून पुढे केली, ती तिने घेतली नाही.

"ताई, मी भेलो. सगळ्यायसमोर..."

"पत्रिका चांगली झाली," रंजिता म्हणाली. "एकही चूक नाही."

आत बाबांनी माग सुरू केला होता. तेरा दिवसांनी घरात तो आवाज येत होता. जरा वेळाने तो थांबला आणि बाबांची सवयीची हाक आली, "कांडी." कोणी हललं नाही. बाबांनाही काही वेळाने उमगलं असावं. चरख्याशी जाऊन ते स्वतःच टोपलीत हात घालून शोधू लागले.

रंजिताने पिशवी खांद्याला लावली. अकराव्या वर्षी जिथे उभी होती त्याच दारात ती उभी राहिली.

"जाते मी."

'ताई, ये' असं रीताच्या ओठांवर आलं. पण दुखवट्याच्या घरून निघालेल्या पाहुण्याला कोणी 'या' म्हणत नाही.