जावईबापूंची सफाई

शीतगृहाच्या कॉम्प्युटर-खोलीत खुर्ची सासऱ्याची होती आणि तिच्यावर डोळा जावयाचा. सासरा त्या यंत्रांत इतका मुरलेला, की सर्व्हर शिंकला तर हा घरबसल्या नाक पुसायचा, असं लोक छातीठोकपणे सांगत. पण मालकीणबाईंनी शब्द दिला होता: नवी व्यवस्था नीट बसली, की खुर्ची जावयाची.

जावई घरजावई. बूड टेकायला निदान एक जागा तरी स्वतःची असावी, म्हणून त्याला ती खुर्ची अन्नापेक्षाही जास्त हवी होती.

सकाळी बाईंच्या देखतच त्याने सफाई काढली. फाइल हलवायचं, नक्कल करायचं, यादी दाखवायचं अशी सासऱ्याने जपलेली जुनी स्टॅटिक हत्यारं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम; प्रत्येक आपलं लागेल ते सगळं पोटात घेऊन फुगलेलं.

"काय हो मामा ही वरात! एवढीशी फाइल हलवायला निघालं तरी प्रत्येकाच्या पाठीवर गादी, उशी आणि पाण्याची घागर. माझी डायनॅमिक हत्यारं बघा, कशी सडसडीत. सगळ्यांचं सामान ठेवायला मिळून एकच लायब्ररी. लागेल तेव्हा तिच्याकडून घ्यायचं."

"आणि ती जागेवर नसली तर?"

"जाईल कुठे? तिला काय माहेर आहे?"

बाई हसल्या. जावयाने जुन्या हत्यारांचा अख्खा फोल्डर पुसला. सासरा चष्मा पुसत राहिला.

मग जावयाने नवी लायब्ररी आणायला जुनी आधी बाजूला सरकवली. सरकली, लोण्यासारखी. आता नवीची नक्कल करायला गेला, तर हत्यार उठेना. यादी मागितली, उठेना. घाबरून जुनीच परत आणू म्हटलं, तर हलवायचं हत्यारही तिच्याच जिवावर जगणारं. गड्याने विहिरीत उतरून शिडी वर पाठवून दिली होती, आणि आता शिडी आणायला शिडी हवी होती.

आधीपासून चालू असलेलं चालत राहिलं, त्यामुळे थंडी टिकली. पण फाटकावर दर ट्रकच्या पासाला प्रोग्रॅम नव्याने उठावा लागे. तो उठेना. हॉर्न सुरू झाले.

"बंद करून चालू करा ना," बाई म्हणाल्या.

"बंद केलं तर परत डोळे उघडणार नाही, बाई," सासरा म्हणाला. "आत्ता निदान पडल्या पडल्या बघतंय."

जावई त्याच्या कानाशी लागला. "मामा, काहीतरी करा."

"मी? मी पडलो गादी-उशीवाला. तुम्ही यादी मागा बघू. आणि काय म्हणतंय ते मोठ्याने वाचा, बाईंना कळू दे."

"लायब्ररी... सापडत नाही."

"अरेरे. नक्कल?"

"सापडत नाही."

"हलवायचं?"

जावयाने हात जोडले. "मामा, पाया पडतो."

"पडा की. फरशी थंडगार आहे, बरं वाटेल."

हॉर्न वाढले. बाईंचा चेहरा काळवंडला. "उद्यापासून येऊ नका तुम्ही," त्या जावयाला म्हणाल्या. "उद्यापासून कशाला? आत्तापासूनच."

तेव्हा कुठे सासरा उठला. खुर्ची पुढे ओढून त्याने एकच ओळ टाइप केली. लायब्ररी जागेवर आली आणि फाटकावरचा पहिला ट्रक हलला.

जावयाने पडद्यावरची ती ओळ वाचली. एक स्टॅटिक हत्यार डिस्कच्या दूरच्या कोपऱ्यात दडवलेलं होतं. त्याचं नाव होतं 'जावई'.

"म्हटलं, या नावाला कोण हात लावतंय?" सासरा म्हणाला.

"मग मघाशीच का नाही चालवलंत?"

"बाई बोलत होत्या ना. मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडू नये."

जावई ताठ मानेने बाहेर पडला, तो थेट स्कूटरपाशी. तिथे खिसे चाचपताना त्याला आठवलं. स्कूटर सासऱ्याची, किल्ली सासऱ्याच्या खिशात, आणि ज्या घरी जायचं तेही सासऱ्याचंच. कचेरी सुटायला अजून अख्खी दुपार होती.

वरची खिडकी उघडली.

"जावईबापू, उभेच आहात तर सीट तेवढी पुसून ठेवा!"

जावयाने खिशातून रुमाल काढला.