फोनातली मेंढरं

अंबाबाईला नवऱ्याशी दोन शब्द एकटीनं बोलायचे होते. एवढंच. पण सत्तरीतल्या बाईला हे किती अवघड झालंय, ते ज्याच्या घरी फोन स्पीकरवर लागतो त्यालाच कळेल.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती कासार आंबोलीला लेकाकडं राहत होती आणि नवरा धुळा मेंढरं घेऊन ताम्हिणीच्या अंगाला. रोज संध्याकाळी सून सोनिया फोन लावायची, स्पीकर करायची आणि मधोमध ठेवायची. मग लेक धनाजी बोलायचा, सोनिया बोलायची, शेजारची गोजराबाई आलेली असली तर तीही आपलं दुखणं सांगून घ्यायची. अंबाबाईच्या वाट्याला 'जेवला का' तेवढं उरायचं.

त्यात धनाजीनं मेंढरं विकायचा घाट घातला. चरायला रान राहिलं नाही, जिकडं बघावं तिकडं बंगल्यांची कुंपणं, या वयात बापानं रानोमाळ कशाला हिंडायचं? पोरगं काही वावगं बोलत नव्हतं. "आये, तुला बी पटतंय न्हवं?" असं त्यानं स्पीकर चालू असतानाच विचारलं. सगळ्यांदेखत लेकाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून अंबाबाई "व्हय" म्हणून गेली आणि तिथून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. गुरुवारी व्यापारी येणार होता.

"सोनिया, मला फोन लावाय शिकव," ती म्हणाली.

सून तशी गुणाची. आपला जुना फोन तिनं सासूला देऊनच टाकला. अंबाबाईला अक्षरओळख नाही, तेव्हा नावांऐवजी तिनं माणसांचे फोटो घातले. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागणार. झकास काम झालं. फक्त फोटो सगळे धनाजीच्या लग्नातले निघाले, आणि लग्नात झाडून सगळ्या पुरुषांना एकाच रंगाचे फेटे. अंबाबाईनं परसात जाऊन बोट ठेवलं, पलीकडं कुणी "हॅलो" म्हणालं आणि ही लाडात येऊन म्हणाली, "काय करताय वो? तुमच्याबिगर हितं करमंना बघा."

फोन लागला होता सोनियाच्या वडिलांना, कोंडाजींना.

"विहीणबाई," कोंडाजी जरा दमानं म्हणाले, "ऐकून बरं वाटलं, पर घरात मानसं हायेत."

अंबाबाईनं फोन गोधडीखाली कोंबला आणि पुन्हा त्याला शिवायचं नाही असं ठरवलं. सोनियाला माहेरून सगळं कळलं तेव्हा ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "आत्या, तुमाला आपली मानसं वळकू येत न्हाईत व्हय?"

"नखाएवढ्या चौकटीत कोन वळकंल? सगळी एकाच फेट्यातली," अंबाबाई फणकारली. "मेंढरं असती तर झटक्यात सांगितलं असतं."

ही काही फुशारकी नव्हती. कळपातलं कुठलंही मेंढरू ती लांबून ओळखायची, कुणाला कानावरून, कुणाला चालीवरून. सोनियाला ते पटलं. व्यापाऱ्याला दाखवायला धनाजीनं काढलेले फोटो होतेच. दोघी पाय पसरून बसल्या आणि एकेका माणसाला एकेक मेंढरू वाटत गेल्या. धुळाच्या जागी कळपाच्या पुढं चालणारा शिंगाळ मेंढा बसला. कोंडाजींना मुद्दाम कळपातला लांब कानांचा बोकड दिला, पुन्हा घोटाळा नको.

"आन मी कोन?" सोनियानं भीत भीत विचारलं.

"तू ही चांदी. लाथ मारती, पर कुनाचंबी कोकरू पाजती."

सोनियानं पदरानं नाक पुसलं. संध्याकाळी धनाजीला कळलं की आपण आईच्या फोनात दुधाला लोचटलेलं कोकरू आहोत, तेव्हा तो जरा फुरंगटला, पण जेवायला बसला.

बुधवारी सकाळी अंबाबाई परसात गेली, मेंढ्यावर बोट ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"हॅलो," धुळाचाच आवाज.

"मी हाय. एकलीच हाय. स्पीकर न्हाई लावल्याला."

"तुला लावता आला व्हय फोन?"

"ते ऱ्हाऊ द्या. मेंढरं इकू नका."

पलीकडं नुसती घंटांची किणकिण ऐकू येत होती. अंबाबाईला वाटलं, चिडला.

"आगं, तू व्हय म्हनलीस म्हनून तर इकाय निघालो," धुळा म्हणाला. "म्हनलं, हिला माझी काळजी लागलीया, हिचं मन कशाला मोडा."

"आन मी पोराचं मन मोडू न्हाई म्हनून व्हय म्हनलं."

एवढा संसार केलेली माणसं, आणि एका स्पीकरनं त्यांना असं वेड्यात काढलं होतं. अंबाबाईला रडू आलं आणि त्याच दमात हसूही.

"उद्या व्यापाऱ्याला च्या पाजून लावून देतो," धुळा म्हणाला. "धनाजीला मी सांगतो."

"तुमी नगा. तोंडानं व्हय मी म्हनलं, तवा न्हाई बी मीच म्हननार."

मग कुठली मेंढी व्यालीय, कोकरू कसं आहे, रात्री थंडी किती पडते, असं निघालं ते संपेना. इतक्यात सोनिया मागच्या दारात आली.

"आत्या, कवापास्नं कुनासंगं बोलताय? आना हिकडं, स्पीकर लावते."

"माझ्या मालकासंगं बोलतीया," अंबाबाई म्हणाली. "तू दार लावून घे."