खंडेनवमीचा टाइपरायटर

भाऊजी म्हणाले, "सोमवारी मुंबईहून नवा माणूस येतोय, वहिनी. त्याच्यासाठी यंत्र साफ करायची रीत लिहून ठेवा."

लिहिते.

नव्या माणसा, तुझं नाव मला कुणी सांगितलं नाही. माझं तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. द्वारका. शरच्चंद्र वकिलांच्या, म्हणजे भाऊजींच्या, थोरल्या भावाची विधवा. टाइप करायला नवऱ्यानं शिकवलं. तो गेल्यावर पाच वर्षं कर्जतच्या या ओटीवर बसून वकिलांचा एकूण एक अर्ज मी टाइप केला.

आधी गाडी. गाडी म्हणजे कागद धरणारा वरचा भाग. तिला मागून एक कापडी पट्टी ओढते. बटण दाबलं की गाडी एक घर सरकते. पट्टी नसेल तर गाडी जागची हलत नाही. हे विसरू नकोस.

रबरी रुळावर जुन्या धोतराचा तुकडा टाकावा. रॉकेल लागलं की रबर खराब होतं.

मग दांड्या. बटण दाबलं की दांडी उठते, तिच्या टोकाचं अक्षर कागदावर आपटतं आणि दांडी परत खाली पडते.

पडली पाहिजे.

गुरुवारी पडली नाही.

(रीत लिहायला सांगितलं आहे. राग लिहायला सांगितलेलं नाही. कागद माझ्या हातात आहे.)

गुरुवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. पायरीवर जिजा बसली होती. कशेळ्याच्या वरच्या वाडीतली ठाकरीण. जंगलातलं लाकूड तोडलं म्हणून तिच्या नवऱ्याला, वाघ्याला, धरलं होतं. जामिनाचा अर्ज त्याच दिवशी कचेरीत गेला नाही, तर शुक्रवारी त्याला अलिबागला नेणार होते. मी कागद चढवला, बटण दाबलं. दांडी उठली ती तशीच राहिली. दुसरं दाबलं. तीही उभीच. तिसरी येऊन दोघींच्या मध्ये अडकली.

"वहिनी, काय केलंत?"

"अजून काहीच केलं नाही, भाऊजी."

"मग आपोआप झालं?"

अप्पा, म्हणजे माझे सासरे, झोपाळ्यावर होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पूजा झालेल्या यंत्राला पहिला हात हिचा लागला. दुसरं काय होणार?"

"पाच वर्षं माझाच लागतोय, मामंजी."

"तेच म्हणतोय मी."

भाऊजींनी तिथल्या तिथे निकाल दिला. मुंबईचा माणूस मागवायचा. तो दुरुस्ती करील आणि पुढे टाइपिंगलाही तोच राहील. "तुम्ही आता घरात लक्ष घाला, वहिनी."

"आणि जिजाचा अर्ज?"

"सोमवारी."

"उद्या नेतील त्याला. हातानं लिहा ना."

"हातानं लिहिलेला अर्ज माझ्या नावाला शोभत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यांनी पागोटं घातलं, कचेरीत गेले. वाटेत पोस्टात थांबून तार केली, तुझ्यासाठी. अप्पा झोपाळ्यावरच आडवे झाले.

जिजा उठली नाही. मान लांब करून बघत होती.

"बाय, येच्यात मुंग्या हायत गं."

"कुठे?"

"ती बघ ना, रांगच हाय. गोडाला आल्यात. तुजं यंतर साखर खातं काय गं?"

वाकून पाहिलं. काळ्या मुंग्या टेबलाच्या पायावरून चढून सरळ दांड्यांच्या खाचांत शिरत होत्या. मी बोट फिरवलं, जिभेला लावलं. गोड.

मंगळवारी खंडेनवमी होती. घरातल्या हत्यारांची पूजा, अप्पांच्या हातची. कोयता, विळी, अप्पांची जुनी दौत आणि मधल्या पाटावर टाइपरायटर. मला माजघरात बसवलं होतं, पूजेवर माझी सावली पडायला नको म्हणून. पळीचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, देवांना स्नान चाललं आहे. अरे, यंत्राला चाललं होतं! दूध, दही, तूप, मध, साखर. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. बुधवारी दसरा, यंत्र बंद. दोन दिवसांच्या उन्हात सगळं आत सुकून बसलं, आणि गुरुवारी हात माझा लागला.

पाच वर्षं ज्या यंत्राची धूळ मी रोज पुसली त्याची पूजा बघायची मला बंदी. ते बिघडवायचं पाप मात्र माझं.

रीत. साखर रॉकेलला दाद देत नाही आणि तूप पाण्याला दाद देत नाही. म्हणून आधी रॉकेल, तुपासाठी. मग ऊन पाणी, साखरेसाठी, फडक्यानं, थेंब थेंब. मग पुन्हा रॉकेल, म्हणजे पाणी राहून गंज धरणार नाही. खाचा बारीक, त्यांत बोट जात नाही. पीस लागतं.

"जिजा, कोंबडीचं पीस मिळेल का?"

"पीस? तुमच्या घरात?" ती तोंडाला पदर लावून हसली. "म्हातारा बघंल तर इहिरीत उडी घेईल!"

अर्जाला लावायच्या कोर्टाच्या तिकिटापुरते पैसे यावेत म्हणून बाजारात विकायला कोंबडी आणली होती तिनं. टोपली उचलून शेपटीचं पीस उपटलं. कोंबडीनं आकांत केला. अप्पा कुशीवर वळले, पुन्हा घोरू लागले.

बेचाळीस बटणं. एकेक दांडी उचलायची, खाचेत पीस घालायचं, बटण वीस वेळा दाबायचं, पुसायचं. अक्षरांच्या पोटातलं कुंकू सुईनं काढायचं. तेल घालू नये. धूळ धरतं. घाई करू नये. मी केली नाही. जिजा दर थोड्या वेळानं विचारायची, "पडतेय का गं?" आणि मी म्हणायची, "पडतेय." खाचांतून अक्षतांचे तेरा दाणे निघाले. ते मी एका कागदावर मांडले.

तीन वाजता यंत्र उन्हात. साडेतीनला अर्ज तयार.

भाऊजी आले. अर्ज वाचला, सही केली, म्हणाले, "जमलं की!" मी तेरा दाण्यांचा कागद पुढे केला. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. वकील आहेत.

"हे अप्पांना दाखवू नका, वहिनी. म्हातारपणी वाईट वाटेल."

"आणि तो माणूस?"

"तार गेली आहे. आता नाही कसं म्हणायचं? घरातही बोलून झालंय, पूजेच्या यंत्राला तुमचा हात नको म्हणून."

दाणे त्यांनी चिमटीत घेतले, तुळशीत टाकले आणि अर्ज घेऊन पुन्हा कचेरीत गेले. अप्पा कुंकवाची वाटी घेऊन यंत्राकडे आले. देवीनं ऐकलं म्हणे! मी यंत्र आणि वाटी यांच्यामध्ये उभी राहिले. बाजूला झाले नाही. त्यांना परत जावं लागलं. या घरात मी पहिल्यांदाच कुणाची वाट अडवली.

शुक्रवारी वाघ्या सुटला. जिजा रस्त्यातूनच ओरडली, "बाय, आला गं!" भाऊजींनी खिडकीतून हात हलवला.

तर, नव्या माणसा, यंत्र स्वच्छ आहे. बेचाळीसही दांड्या उठतात, बेचाळीसही पडतात. पीस मधल्या खणात आहे, रॉकेल टेबलाखाली.

पट्टी यंत्रात नाही. मी सोडवून घेतली. तू बसशील, बटणं दाबशील आणि सगळी अक्षरं एकाच जागी, एकावर एक पडतील. कागदाला भोक पडेपर्यंत. तुझी चूक नाही, म्हणून आधीच सांगते. हा कागद भाऊजींना दाखव.

पट्टी माझ्या कमरेला आहे. मागायला त्यांनी यावं, अप्पांना सोबत आणावं, आणि मुंग्या कशामुळे आल्या ते ओटीवर मोठ्यानं सांगावं. पायरीवर जिजाला बसवीन मी, ऐकायला. मग पट्टी देईन. तेव्हाही तुझ्या हातात देणार नाही, मीच बसवीन, माझ्या खुर्चीवर बसून.