मिन्काचा साधा वर्तमानकाळ

"शी ईट, शी स्लीप, शी… पुढचं गेलं बघा डोक्यातून," मिन्का म्हणाली. एका हाताने ती म्हाताऱ्या आजीला घेवड्याचं सूप भरवत होती, दुसऱ्या हाताने तिच्या हनुवटीखाली रुमाल धरत होती.

"शेपूट कुठं गेलं?" वसिल्काबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्या आजीच्या लेक. "मी, तू, आपण, ते, सगळे बिनशेपटीचे. ती एकटी असली की क्रियापदाला 'स' लागतो. शी ईट्स! किती वेळा सांगू?"

"एकटीलाच का म्हणून? एकटीनं काय घोडं मारलंय त्यांचं?"

"तिकडं गेलीस की इंग्रजांनाच विचार."

बोलून गेल्या खऱ्या, पण त्या 'गेलीस'नंतर वसिल्काबाईंनी पातेल्यावरचं झाकण जरा जोरातच आपटलं.

डॅन्यूबकाठच्या या लोम गावात त्यांनी बारा वर्षं रशियन शिकवलं. मग राजवट बदलली, रशियन नको झालं आणि सरकारने त्यांना सहा महिन्यांत इंग्रजीच्या बाई करून टाकलं. मुलांच्या एक धडा पुढे राहून त्यांनी तेही निभावलं. 'मी लोममध्ये राहते' हे वाक्य त्यांनी तीस वर्षं इंग्रजीत घोटून घेतलं, आणि ज्याला ते बिनचूक आलं, तो एकही जण आता लोममध्ये राहत नाही. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळेलाही कुलूप लागलं. शाळेच्या दारावर आता वारलेल्या माणसांचे फोटो आणि तारखा छापलेले कागद डकवलेले असतात. रस्त्यावरचं दार, येताजाता सगळ्यांना दिसतं.

आता त्या शिकवतात ते इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालेल्या बायकांना. आणि नशिबाचा खेळ असा, की त्यांच्या स्वतःच्या आईची सेवा करणाऱ्याही त्याच बायका. आईला अर्धांगवायू, वाचा गेलेली. बाईंच्या कमरेत वाकायचं त्राण नाही. आधी गेन्का होती, मग झ्लात्का. दोघींनी या पलंगाशी बसून साधा वर्तमानकाळ पाठ केला आणि दोघी उडून गेल्या. आता मिन्का. ती गेली, की जिल्ह्याच्या वृद्धाश्रमाशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथं गेलेलं माणूस दाराच्या कागदावरच परत येतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मिन्काची लेक इंग्लंडात लेस्टरला होती. सात महिन्यांची नात मिन्काने फक्त फोनच्या काचेत पाहिली होती. रोज काचेचाच पापा घ्यायची आणि मग रुमालाने फोन पुसायची.

"बाई, हा काळ मला आवडतो," ती एकदा म्हणाली. "आज काय झालं, उद्या काय होईल, काही भानगड नाही. रोजचं तेवढं सांगायचं. मी उठते, मी धुते, मी भरवते. माझंच आयुष्य की!"

इंग्लंडातल्या कामासाठीची मुलाखत गुरुवारी होती. बुधवारी शेवटचा धडा. वसिल्काबाईंचा शेवटचा धडा पुस्तकातला नसायचा, तो मानेचा असायचा. या देशात 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना खाली-वर. बाकी जग नेमकं उलट करतं. तोंडाने बरोबर बोलूनही गेन्का पहिल्या मुलाखतीत याच पायी आपटली होती. तेव्हापासून बाई प्रत्येकीचं डोकं दोन्ही हातांत धरून फिरवायच्या: 'येस' खाली-वर, 'नो' आडवं. झ्लात्का तर हसून हसून खुर्चीवरून पडली होती. पलंगावर आजीही अर्ध्या तोंडाने हसली होती.

"बाई, झालं ना सगळं? काही राहिलं तर नाही?" त्या बुधवारी मिन्काने वही मिटत विचारलं.

अंगणात शेजारीण हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होती. तो खमंग वास खिडकीतून आत येत होता. बाई जरा वेळ तो वासच घेत राहिल्या.

"काही नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "शेपूट तेवढं सांभाळ."

मिन्काने त्यांना कडकडून मिठी मारली. "तुमचे उपकार कुठं फेडू?"

गुरुवारी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडला. बाई कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला बसल्या. पडद्यावरच्या इंग्रज बाईने गोड हसून विचारलं, तुम्ही सिगारेट ओढता का?

"नो, आय डोंट," मिन्का स्पष्ट म्हणाली आणि मान जोरात खाली-वर केली.

म्हाताऱ्या माणसाला घरात एकटं सोडता का?

"नेव्हर!" पुन्हा तीच मान, आणखी ठासून.

हे काम तुम्हाला आवडतं का?

"येस, आय डू. आय लव्ह इट." मान मनापासून डावी-उजवी, डावी-उजवी.

इंग्रज बाईचं हसू मावळलं. तिने तेच प्रश्न पुन्हा विचारले, हळू आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसे. मिन्काला वाटलं, आपला आवाज पोचत नाही. ती आणखी जोर लावून बोलू लागली, आणि जोर सगळा मानेत उतरला. वसिल्काबाईंचा हात आपल्या हनुवटीकडे गेला. नुसती खूण केली असती तरी पुरे होतं. पण त्या हाताने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि तो मांडीवर परत आला.

सोमवारी पत्र आलं. उमेदवाराला प्रश्न समजत नाहीत, क्षमस्व.

मिन्का पत्र घेऊन दारात उभी राहिली. रडून डोळे सुजलेले. "कुठं चुकलं हो, बाई? तुम्ही तर शेजारीच होतात."

"शेपूट," वसिल्काबाई म्हणाल्या. "दोन ठिकाणी विसरलीस."

"मी मेली आहेच दगड!" तिने कपाळावर हात मारला. मग तिथेच उभी राहून लेकीला फोन लावला. "नाही गं जमलं. बाई बिचाऱ्या किती राबल्या माझ्यामागं, मीच करंटी. बाळाला म्हणावं, आजी येते. अजून शिकतेय म्हणावं."

वसिल्काबाईंना तोंडात माती गेल्यासारखं झालं. आत्ताही सांगता आलं असतं. त्यांनी मिन्काच्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली.

फोन ठेवून मिन्काने डोळे पुसले, सूप गरम केलं आणि पलंगाशी जाऊन बसली.

"आता रोज म्हणणार, बाई. पाठच करून सोडणार. शी ईट्स. शी स्लीप्स. शी नीड्स मी. बरोबर?"

"बरोबर," बाई दारातून म्हणाल्या. एकही चूक नव्हती.

आजी उशीवरून लेकीकडे टक लावून बघत होती. मिन्काने चमचा पुढे केला. आजीने ओठ घट्ट मिटले आणि लेकीवरची नजर न काढता मान हळूहळू खाली-वर, खाली-वर केली.

"पोट भरलं वाटतं आज," मिन्का म्हणाली आणि वाटी बाजूला ठेवली.