शेवटच्या अंतऱ्यावाचून

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. नाशिकरोडच्या एका कॉलनीत, लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. माझ्या भात्याला उंदराने भोक पाडले आहे. तक्रार त्याची नाही. तक्रार माझ्या धन्याची आहे आणि ती आज मी करणारच.

मित्रांनो, सुरगाण्याकडच्या सागवानातून एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. माझे धनी झुंबर कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. त्यांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत लोक म्हणत, "काय गोड पेटी आहे!" मी खूश व्हायची. पण ती सगळी गाणी दुसऱ्यांची असत.

झुंबर यांचे स्वतःचे एकच गाणे होते, त्यांच्या आईवर. आईने इगतपुरीकडे धरणाच्या कामावर खडी फोडली होती.

खडी फोडली आईनं, भिंत धरणाची झाली
पाणी गेलं शहराला, घागर रिती राहिली

पुढे दोन अंतरे होते. शेवटचा मात्र सुचत नव्हता. आमच्याकडे शेवटच्या अंतऱ्यात गाणे रचणाऱ्याचे नाव येते. बायको सुलाबाई बाजारात गेल्या की झुंबर दार लावून ते हळूच गात, तिथवर येऊन अडत आणि कागद माझ्या झाकणाखाली सरकवत. अशी अकरा वर्षे गेली.

ढोलकीवाले फकिरा यांना एकदा तो कागद दिसला. ते म्हणाले, "झुंबर, अर्धं तर अर्धं, म्हण की! चार जण बसलोय, जुळवू कायतरी."

"नाव टाकल्याशिवाय गाणं बाहेर काढायचं नाय. लोक हसतील," झुंबर म्हणाले आणि त्यांनी माझे झाकण लावले. मला त्यांचा फार राग आला. लोकांच्या गाण्यांना मला मोकळी सोडणारा माणूस स्वतःच्या गाण्याला घाबरत होता.

मागच्या वर्षी कचेरीतच त्यांचे हृदय बंद पडले. वर्षभर मला कोणी हात लावला नाही. उंदराने मात्र लावला.

पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्या लेकीने, साक्षीने, मला खाली काढले आणि झाकणाखालचा कागद तिच्या हाती लागला. चाल तिला ठाऊक होती. लहानपणी शाळेतून लवकर आली की ती बंद दाराबाहेर उभी राहून ऐकायची. बुद्धवंदना झाल्यावर ती माझ्यापुढे बसली.

"पप्पांचं गाणं आहे. पुरं नाही," ती म्हणाली.

"मग पुरं करून आणायचं ना," मागून कोणीतरी म्हणाले.

साक्षीचा हात थांबला. हीसुद्धा आता झाकण लावणार, असे मला वाटले. पण तिने भाता ओढला आणि गायला लागली. भोकातून हवा जात होती, तरी मी जीव तोडून वाजले. तिसऱ्या अंतऱ्याला गाणे तुटले.

तेव्हा दारात बसलेल्या सुलाबाई खाली बघत हळूच म्हणाल्या,

झुंबर म्हणे, शेवटी पाणी वाटीभर प्याली

मग त्या रडायलाच लागल्या. "सासूबाई गेल्या तेव्हा हे कामावर होते. वाटीनं पाणी मी पाजलं. त्यांनी डोळे मिटले ते माझ्या मांडीवर. हे गाणं मी आज पहिल्यांदा ऐकतीय. मला कधी इचारलंच नाय!"

फकिरांनी ढोलकीवर डोके टेकले. साक्षीने ती ओळ कागदावर लिहिली आणि गाणे पहिल्यापासून म्हटले. सगळ्यांनी ऐकले. ज्यांनी ऐकायला हवे होते ते भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत होते.

मित्रांनो, माझा भाता शिवून घ्या, मला अधूनमधून उघडत जा. आणि तुमच्या झाकणाखाली काही अर्धे पडले असेल, तर ते घरच्यांना तरी म्हणून दाखवा. झुंबर अकरा वर्षे जो अंतरा शोधत होते, तो त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होता.