सातची शर्यत, दहाची चाकं

रुपालीकडे स्केटच्या चाकांचे दोन संच होते आणि दोन्ही मापाने सारखेच. एकशे दहा मिलीमीटरची आठ-आठ चाकं, एका बुटाला चार. फरक रंगात होता आणि कडेला छापलेल्या आकड्यात. पांढऱ्या चाकांवर पंच्याऐंशी, हिरव्यांवर अठ्ठ्याऐंशी. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. रविवारी यवतमाळच्या बायपासवर दहा किलोमीटरची निवड शर्यत होती आणि तिथे यातला एकच संच चालणार होता. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला दोन मुली जाणार होत्या. मागच्या वर्षी रुपाली तिसरी आली होती. पुढच्या वर्षी ती वयोगटातून बाहेर पडत होती.

बुधवारी सकाळी सहा वाजता बोरी अरबच्या बाहेर, दारव्हा रस्त्यावरच्या नाल्याच्या पुलाजवळ चाचणी झाली. पुलाआधी थोडा उतार आहे, पुढे रस्ता सपाट. रुपालीने वर खडूची रेघ मारली, वाकून बसली आणि पाय न मारता नुसती घरंगळत आली. जिथे थांबली तिथे तिच्या वडिलांनी, धम्मरत्न यांनी, खूण केली आणि टेप लावला. गावच्या स्टँडवर त्यांचं टायर रिमोल्डचं दुकान आहे, टेप तिथलाच. पाच वेळा पांढरी, मग तेच बेअरिंग काढून बसवून पाच वेळा हिरवी. पांढऱ्यांची सरासरी दोनशे चौदा मीटर आली, हिरव्यांची दोनशे तीन.

दारव्ह्याच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक शंकरसिंग राठोड मोटरसायकलवर बसून आकडे लिहून घेत होते. त्यांनी वही मिटली.

"झालं. खरबडीत रस्ता, नरम चाक. मी तं पयलेच सांगतलं होतं. कडक चाक गिट्टीवरून उड्या मारते, नरम चाक गिट्टी गिळते."

"पाचही खेपा पांढरंच पुढं," रुपाली म्हणाली. "पन हे सहाचं झालं, सर."

"मंग?"

"दहाले काय होते ते कुठं पाह्यलं आपन?"

"दहाले कोन स्केटिंग करते वं? उन्हानं चक्कर येऊन पडाचं हाय का? शर्यत सातची हाय."

धम्मरत्न टेप गुंडाळत होते. "रबराचं तसंच असते, सर. सकाळचं टायर येगळं अन् दुपारचं येगळं. गिऱ्हाईक दुपारी येऊन भांडते, तवा मी त्याले सकाळी बोलावतो."

सर हसले, पण वही त्यांनी पुन्हा उघडली नाही.

तालुक्यातली सगळी मुलं पहाटे सराव करत. आठच्या आत घरी. तीन वर्षांत रुपालीने दहानंतरच्या डांबरावर एकदाही पाय ठेवला नव्हता, आणि ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

गुरुवारी तिने कॉलेज बुडवलं आणि साडेदहाला एकटी त्याच पुलावर गेली. ऑक्टोबरचं ऊन होतं. अर्ध्या रस्त्यावर वामनराव नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन वाळत पडलं होतं आणि ते स्वतः छत्री धरून बाजूला बसले होते.

"पोरी, माह्या सोयाबीनवरून गाडी नको चालवू."

"गाडी नाई काका, पाय हायेत. तुमी फक्त तुमचे आवरून घ्या."

"कोनाची वं तू?"

"टायरवाल्याची."

"तरीच चाकं लावून फिरून राह्यली." वामनराव उठले. नंतरच्या दहाही खेपांना रुपाली थांबेल तिथे गोटा ठेवण्याचं काम त्यांनीच केलं. तिसऱ्या खेपेनंतर आकडा टेप लावण्याआधीच सांगू लागले आणि फारसे चुकले नाहीत. पांढरी चाकं एकशे अठ्ठ्याण्णव मीटरवर थांबली, हिरवी दोनशे अकरावर. उन्हाने पांढरं चाक इतकं नरम झालं होतं की आता ते रस्त्याला धरून बसत होतं.

शुक्रवारी ती नऊला गेली. पांढरी दोनशे सात, हिरवी दोनशे आठ. हिशोब स्पष्ट झाला. नवाच्या आधी पांढरी, नवानंतर हिरवी. आता प्रश्न चाकांचा उरला नव्हता. शर्यत नक्की किती वाजता सुटणार, एवढंच कळायला हवं होतं.

निमंत्रण पत्रिकेवर सकाळी सात छापलं होतं. जाणकार म्हणत, पाहुणे असले की सातचा कार्यक्रम दहाला होतो. पण मागच्या वर्षी पाहुण्यांनी आयत्या वेळी नकार कळवला होता आणि शर्यत सव्वासातला सुटली होती. दोन्हीकडे पुरावा होता. त्यात संयोजकांचा नियम असा की शनिवारी संध्याकाळी तपासणीत एकाच संचाच्या चाकांवर रंगाचा ठिपका लावला जाईल आणि ठिपका नसलेलं चाक रविवारी चालणार नाही.

शनिवारी चार वाजता रुपाली आणि सर यवतमाळला पोचले. तपासणीच्या टेबलावर तिने वेळ विचारली. "सात म्हणजे सात," उत्तर आलं. मंडप बांधणाऱ्या विठ्ठलरावांना विचारलं.

"मले पाचले बोलावलं हाय," ते म्हणाले. "मले नेहमीच पाचले बोलावतेत. त्याच्यावर जाऊ नको."

मग ती चौकात तानाबाईंच्या हारांच्या दुकानाशी गेली. शेवंतीचे ढीग पडले होते.

"मावशी, उद्याच्या स्केटिंगचे हार तुमच्याकडंच हायेत का?"

"हायेत ना. बारा लहान, एक मोठा."

"किती वाजता द्याचे?"

"ते म्हने साडेसहाले आनून ठेव. मी म्हनलं, असं नाई जमत बापा. साडेसहाले देला तं दहापर्यंत हार मान टाकते, अन् मंग नाव माह्यं खराब होते. खरं सांगा, पाहुना कधी येते? तवा म्हने साडेनऊले आन."

"पक्कं येनार हायेत?"

"नागपूरवरून निघाले का फोन करतो म्हने. मोठा हार त्याह्यच्याच मापाचा हाय. गड्याची मान पाह्यली का तू? रेड्यासारखी."

रुपालीने परत येऊन हिरवी चाकं टेबलावर ठेवली. शंकरसिंग सरांनी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

"हारवालीच्या भरोशावर चाकं लावतं का तू? साऱ्या पोरींनी नरम आनले. पुसदच्या निकितानं बी."

"हार वाळला तं तिचं नाव जाते, सर. पत्रिका चुकली तं कोनाचंच काई जात नाई."

सरांनी तिचा हात सोडला. "अन् सातलेच सुटली तं?"

"तं मी हरन. पन मोजून हरन."

"तुही शर्यत," सर म्हणाले आणि त्यांनी अर्जावर सही केली. आठही हिरव्या चाकांवर लाल ठिपका पडला.

रविवारी पावणेसातला अकरा मुली बूट घालून तयार होत्या. मंडपातला सोफा रिकामा होता. सात वीसला अचानक शिट्टी वाजली आणि सगळ्यांना रेषेवर बोलावलं. सरांनी रुपालीकडे पाहिलं. ती रेषेवर जाऊन उभी राहिली. पंचांनी नावं वाचली, ठिपके तपासले आणि मुलींना सावलीत बसायला सांगितलं. माइकवर "थोड्याच वेळात" हे शब्द नवापर्यंत सात वेळा ऐकू आले. पाहुणे नऊ चाळीसला आले, बावीस मिनिटं बोलले. शर्यत दहा वाजून बारा मिनिटांनी सुटली.

अडीच किलोमीटरचे चार फेरे होते. पहिल्या फेऱ्यात खडबडीत पट्ट्यावर हिरव्या चाकांचे हादरे रुपालीच्या गुडघ्यापर्यंत पोचले आणि ती चौथी होती. सर्वांत पुढे निकिता, वीस मीटरवर. वळणावर उभे असलेले धम्मरत्न फक्त अंतर ओरडत होते. दुसऱ्या फेऱ्याला चौदा. तिसऱ्याला सहा. रुपाली पुढच्या मुलींचे पाय मोजत होती. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत निकिताला नऊ पावलं टाकावी लागत होती, तिला आठ. खांब पुष्कळ शिल्लक होते. घाई करण्याचं कारण नव्हतं. शेवटच्या फेऱ्यात, वळण संपल्यावर, ती बाहेरच्या बाजूने पुढे निघाली.

एकवीस मिनिटं आठ सेकंद. निकिता एक सेकंद मागे, दुसरी. दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या.

निकिता दुभाजकावर बसून बूट सोडत होती. "माह्ये चाकं चिखलात चालल्यासारखे वाटत होते वं. तुह्ये कोन्ते?"

"अठ्ठ्याऐंशी."

"या रस्त्याले? राज्याले बी हेच लावतं का?"

"ते तिथला रस्ता पाहून ठरवू. तू पुसदले सराव कवा करतं?"

"साडेपाचले. सकाळी."

"एखांद्या दिवशी दहाले बी कर."

"ऊन लागते ना."

"लागते," रुपाली म्हणाली, आणि पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.