बैलाचा तुकडा

"अरे थोन, तुझं ताट इकडे आहे!" हलिपताईने कोंबडीचा वाडगा भावापुढे सरकवला. अंगणात बैलाचं मांस वाटलं जात होतं आणि ती मघापासून थोनवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती.

त्यांचा मामा आगीचा राजा होता. राजा कसला, स्वतःचं शेत स्वतःच खुरपायचा! पण फडक्यात गुंडाळलेल्या त्या जुन्या तलवारीपुढे तो बसला की पाऊस येतो, असं डोंगरातली जराई जमातीची सगळी गावं मानायची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आज त्याच्या थडग्याला शेवटचा निरोप द्यायचं जेवण होतं, आणि पौर्णिमेला नवा राजा बसायचा होता. मुलं आईच्या कुळाची, म्हणून मान भाच्याचा. आणि मामाच्या सिऊ कुळात भाचा एकटा थोनच उरला होता. मामा गेल्यापासून भाच्याने बैलाला तोंड लावायचं नाही. लावलं की तो बाद, कायमचा.

थोनला राजा व्हायचंच नव्हतं. पाऊस लांबला की माणसं मामाच्या दाराशी नुसती बसून राहायची. शिव्या नाहीत, तक्रार नाही. ते बघून लहानपणी तो मामाकडे जायचंच टाळायचा. आता बायकोच्या घरी नांदत होता, पंप दुरुस्त करत होता, बरं चाललं होतं. पण तलवार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ब्लुइआजाला तोंडावर नाही म्हणायची छाती काही झाली नाही.

त्याने शेजारच्या पानावरचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"अगं बाई! थुंक! थुंक आधी!" हलिप किंचाळली.

थोनने गिळला. "मला... मला कोंबडीच वाटली."

शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. ब्लुइआजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दमलायस रे बाळा," तो म्हणाला. "होतं असं." त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर थोनला बरं वाटलं असतं.

त्या साली भाताची रोपं जागच्या जागी करपली. शेवटी राजाविनाच ब्लुइआजा पाऊस मागायला तलवारीच्या टेकडीवर निघाला. मागोमाग गाव निघालं. "तोंड वर करून तिथे जायची लाज नाही वाटत?" बायको म्हणाली. वाटत होती, म्हणूनच थोन सगळ्यांच्या मागे, झाडाआड उभा राहिला.

म्हाताऱ्याने तांदळाच्या दारूचा घडा मांडला. तलवारीपुढे गुडघे टेकले.

"राजा कुठाय म्हणून रागावू नका," तो तलवारीला म्हणाला. "आमचा थोन गुणी आहे हो. शेतावर गेलाय, उशीर होतोय एवढंच. येईल. तोवर पाऊस तेवढा द्या."

थोन मागे उभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकानेही मान वळवली नाही.

थोनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय न वाजवता तो मागे सरला आणि टेकडी उतरून त्याने शेताची वाट धरली. निदान म्हाताऱ्याचा शब्द तरी खोटा पडायला नको होता.